बालाघाटाखालचा विस्तव



वैशाखातल्या उन्हाने बीडची जमीन अगोदरच तापलेली आहे. अशा दिवसांत विस्तवावर व्याख्यान द्यायचे, हे थोडे धाडसाचेच काम. व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय विचारला तेव्हा हेच नाव माझ्या तोंडून निघाले, त्याचे कारण मात्र जुने आहे. तीस वर्षांहून अधिक काळ एका माणसाचे माझ्याकडे देणे राहिले आहे, आणि ते फेडण्याची जागा मला हे व्यासपीठच वाटले.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट इथल्या अनेकांच्या स्मरणात असेल. गणेशविसर्जन आटोपून माणसे नुकतीच झोपली होती. चार वाजण्याच्या सुमारास किल्लारीला धरणी हादरली. आमच्या भागात भांडी वाजली, कड्या खडखडल्या, माणसे रस्त्यावर आली. उजाडल्यावर कळले की तिकडे गावेच्या गावे बसली आहेत आणि हजारो माणसे ढिगाऱ्याखाली आहेत. अंबाजोगाईपासून किल्लारी सरळ रेषेत ऐंशी किलोमीटरांच्या आसपास. पुढे कित्येक रात्री आम्ही अंगणातच काढल्या.

मी त्या वेळी शिक्षक होतो. आमच्या गावात विहिरी खोदणारे एक वृद्ध गृहस्थ होते. ते एके दिवशी माझ्याकडे आले आणि म्हणाले, “गुरुजी, तुम्ही पोरांना शिकवता की हा काळा पाषाण एके काळी पातळ होता, तापलेल्या गुळाच्या पाकासारखा वाहत आला. मग खाली अजून विस्तव आहे का? तोच आता वर येऊ बघतोय का?” मी त्यांना मोठ्या विश्वासाने सांगितले, “नाही बाबा, तो विस्तव केव्हाच विझला. निर्धास्त जाऊन झोपा.” ते निर्धास्त झाले. घरी गेले आणि पडलेली भिंत त्यांनी पुन्हा त्याच दगडमातीने, तेवढ्याच जाडीची उभी केली. माझे उत्तर खोटे नव्हते, पण ते अर्धे होते. आणि अर्धे उत्तर माणसाला कधी कधी खोट्या उत्तराइतकेच महाग पडू शकते. राहिलेले अर्धे उत्तर आज द्यायचे आहे. ते देण्यासाठी सुमारे दोनशे वर्षांचा इतिहास पाहावा लागेल.

आधी आपल्या पायाखालची जमीन पाहू. बीडहून मांजरसुंब्याचा घाट चढताना डोंगराकडे नीट पाहावे. डोंगर एकसंध उतारत नाही. एक कडा, मग सपाटी, पुन्हा कडा, पुन्हा सपाटी, अशा पायऱ्या दिसतात. कपिलधारचा धबधबा आणि पाटोदा तालुक्यातला सौताड्याचा धबधबा अशाच पायरीवरून उडी घेतात. खालची गंगथडी आणि वरचा बालाघाट हे जिल्ह्याचे जे दोन भाग आपण मानतो, तीही या जिन्याच्या दोन मजल्यांवरची वस्ती आहे. विहीर खोदणाऱ्याला हा जिना आतून ठाऊक असतो. मातीखाली मुरूम लागतो, मग सुरुंगाला दाद न देणारा काळा पाषाण, मग बुडबुड्यांच्या भोकांनी भरलेला आणि पांढऱ्या गारांनी मढलेला ठिसूळ खडक, आणि मध्येच कुठे तरी विटकरी रंगाच्या मातीचा पट्टा. पुन्हा तोच क्रम. प्रत्येक क्रम म्हणजे लाव्ह्याचा एकेक पूर. दोन पुरांमध्ये उसंत मिळाली, वरचा खडक कुजून त्याची माती झाली, वाऱ्याने आलेली राख तिच्यात मिसळली, तोच हा तांबडा पट्टा.

स्वीडिश भाषेत जिन्याला ‘ट्रापा’ म्हणतात. त्यावरून युरोपातल्या भूशास्त्रज्ञांनी अशा खडकाला ‘ट्रॅप’ हे नाव दिले. मुंबई सरकारच्या नोकरीतले कर्नल विल्यम साइक्स हे १८३० च्या दशकात दख्खनच्या खडकांविषयी लिहू लागले, आणि ‘डेक्कन ट्रॅप’ हा शब्द रूढ झाला. आज सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर भूमी या खडकाखाली आहे. महाराष्ट्राचा बहुतांश भाग, शिवाय गुजरात, मध्य प्रदेश, कर्नाटक आणि तेलंगण यांचे भाग तिच्यात येतात. बीड जिल्हा तर जवळपास सगळा यावरच वसला आहे. आपली काळी माती याच खडकाची लेक, अंबाजोगाईचा हत्तीखाना याच खडकात कोरलेला, आणि निजामशाहीच्या काळातली बीडची खजाना विहीर याच खडकातले पाणी जपणारी.

एवढा लाव्हा आला, तर ज्वालामुखीचे डोंगर कुठे आहेत, असा प्रश्न त्या काळच्या अभ्यासकांनाही पडला. त्याचे उत्तर असे मिळाले की इथे शंकूच्या आकाराचे डोंगर फुटले नाहीत, तर जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून शिलारस उतू गेला. नर्मदा-तापीच्या पट्ट्यात, धुळे-नंदुरबारकडे, नाशिक-पुण्याच्या दरम्यान आणि कोकणात कातळाच्या उभ्या अरुंद भिंती जमिनीतून डोके काढून उभ्या दिसतात. त्यांना डाइक म्हणतात. शिलारस वर चढताना ज्या भेगांत गोठून राहिला, त्या या भेगा. तिथून निघालेला लाव्हा केवढा पसरला असेल? आंध्रात गोदावरीच्या मुखाजवळ राजमहेंद्रीला जो बेसाल्ट आहे, त्याचे रासायनिक गुण पश्चिम घाटातल्या काही थरांशी जुळतात. म्हणून अनेक अभ्यासकांचे मत आहे की हे पूर हजार किलोमीटर वाहत तिथवर गेले. पृथ्वीवरच्या अतिदीर्घ लाव्हाप्रवाहांत त्यांची गणना होते.

हे केव्हा घडले? सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी. फ्रान्सचे व्हिन्सेंट कुर्तिय्यो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये असे मांडले की हा सारा उद्रेक भूशास्त्राच्या हिशेबाने फार थोड्या काळात उरकला आणि त्याचा काळ डायनोसॉरांच्या अंताच्या काळाशी जुळतो. अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठाच्या ब्लेअर शोन यांच्या गटाने २०१५ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये झिरकॉन नावाच्या सूक्ष्म स्फटिकांवरून कालगणना केली. हे स्फटिक त्यांना मुख्यतः कुठे मिळाले? विहीर खोदताना आपण जी तांबडी माती बाजूला फेकतो, तसल्याच थरांतून. त्यांच्या पहिल्या हिशेबाने मुख्य उद्रेक साडेसात लाख वर्षांच्या आसपास चालला. डायनोसॉर मेक्सिकोत पडलेल्या अशनीमुळे गेले, की दख्खनच्या धुराने, की दोन्हींच्या संगनमताने, हा वाद अजून चालूच आहे. तो आज बाजूला ठेवू.

आपला प्रश्न वेगळा आहे. आज पृथ्वीवरचे बहुतेक ज्वालामुखी कुठे आहेत? जपान, इंडोनेशिया, चिली, अलास्का. पृथ्वीचे कवच तडकलेल्या खापरासारखे काही मोठ्या तुकड्यांचे बनले आहे, त्यांना भूपट्ट म्हणतात. जिथे एक पट्ट दुसऱ्याखाली घुसतो किंवा दोन पट्ट एकमेकांपासून दूर सरतात, तिथे ज्वालामुखी असणे साहजिक आहे. चुलीवरच्या पातेल्यात वाफ झाकणाच्या कडेनेच बाहेर पडते. परंतु दख्खन ही कड नव्हे. आणि हवाई बेटे तर पॅसिफिकच्या पट्टाच्या मध्यभागी. झाकणाच्या मधोमध वाफ का यावी?

कॅनडाचे भूभौतिकशास्त्रज्ञ टुझो विल्सन यांनी १९६३ मध्ये हवाई बेटांकडे पाहून याचे उत्तर सुचवले. आगीची जागा खोल आहे आणि ती जवळजवळ स्थिर आहे, वरचा पट्ट मात्र सरकतो आहे. १९७१ मध्ये जेसन मॉर्गन यांनी पुढचे पाऊल टाकले. त्यांचे म्हणणे असे की कवचाखालच्या थरातून, ज्याला आपण प्रावरण म्हणतो, तप्त द्रव्याचे उभे स्तंभ वर चढतात. घरातल्या बायकांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. निखाऱ्यावर पापड धरून हळूहळू सरकवला, तर पापडावर एकापुढे एक डागांची रांग उमटते. निखारा जागीच, पण डाग मात्र पुढे गेलेला.

आता दख्खनचा पापड कोणत्या निखाऱ्यावर भाजला? नकाशा काढून पाहा. पश्चिम किनाऱ्यावरून दक्षिणेला निघा. लक्षद्वीप, मालदीव, चागोस, मग मस्कारिन पठार, मॉरिशस, आणि अखेर रीयुनियन. समुद्रतळावर ही डागांची रांगच आहे. ती खरोखर एका निखाऱ्याची असेल, तर दक्षिणेकडे जावे तसा खडक तरुण होत गेला पाहिजे. १९८७ मध्ये समुद्रतळ खोदणाऱ्या आंतरराष्ट्रीय मोहिमेच्या जहाजाने या मार्गावर खोदकाम केले. मालदीवजवळचा खडक सुमारे ५ कोटी ७० लाख वर्षांचा निघाला, चागोसजवळचा ४ कोटी ९० लाखांचा, मस्कारिन पठाराजवळचा ३ कोटी ३० लाखांच्या आसपासचा. मॉरिशसचा सर्वात जुना खडक ९० लाख वर्षांच्या आतबाहेर. आणि रीयुनियनचा ‘पितों द ला फुर्नेझ’ हा ज्वालामुखी आजही वारंवार पेटतो.

बीडपासून रीयुनियन सुमारे ५ हजार किलोमीटर. हे अंतर ६ कोटी ६० लाख वर्षांत वाटले तर वर्षाला साडेसात सेंटीमीटर पडतात. वाटेत समुद्रतळाची एक दुभंगरेषा लागते आणि तिकडचा पट्टही सरकत असतो, म्हणून हा हिशेब ढोबळ समजावा. तरी आपल्या नखाच्या वाढीच्या दुपटीएवढ्या गतीने हा प्रदेश उत्तरेकडे निघून आला, एवढे चित्र डोळ्यांपुढे ठेवण्यास हरकत नाही.

या मार्गाविषयी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. एकोणिसाव्या शतकात कोकणातली कितीतरी कुटुंबे उसाच्या मळ्यांवर करारबद्ध मजूर म्हणून मॉरिशसला गेली. त्यांचे वंशज आजही मराठीपण सांभाळून आहेत आणि गणेशचतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुटी असते. सह्याद्रीचा काळा दगड सोडून गेलेल्या त्या माणसांना पाच हजार किलोमीटरांवर पुन्हा काळाच दगड भेटला. त्यांना ते माहीत असण्याचे कारण नव्हते, पण दोन्ही दगड बहुधा एकाच चुलीवरचे होते.

‘बहुधा’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. कारण डागांची रांग दिसली तरी निखारा कोणी पाहिला होता? हजारो किलोमीटर खोल माणूस जाऊ शकत नाही. माणसाने खोदलेले सर्वांत खोल विवर बारा किलोमीटरांच्या थोडे पुढे जाते, आणि पृथ्वीचा मध्य ६,३७० किलोमीटरांवर आहे. मग आत पाहायचे कसे? इथे भूकंपशास्त्र कामास येते, आणि त्याच्या आरंभाचे एक मोठे पान हिंदुस्थानात लिहिले गेले आहे.

बाजारात मडके घेताना आपण ते बोटाने वाजवून पाहतो. खणखणीत वाजले तर पक्के, बद्द वाजले तर कुठे तरी चीर आहे. आत डोकावावे लागत नाही. पृथ्वी हेही असेच एक मडके, फक्त ते वाजवण्याएवढे बोट आपल्याजवळ नाही. ते काम भूकंप करतात. १२ जून १८९७ रोजी आसामात प्रचंड भूकंप झाला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यातील रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम यांनी त्याचा सविस्तर अभ्यास केला. दूरदेशीच्या यंत्रांवर उमटलेल्या नोंदी जुळवताना त्यांच्या ध्यानात आले की एकाच धक्क्याच्या लहरी तीन जातींच्या आहेत. एक सर्वांत वेगवान, पुढेमागे ढकलत जाणारी. दुसरी तिच्या मागून येणारी, आडवी हलवणारी. तिसरी पृष्ठभागावरून सावकाश येणारी. पुढे १९०६ मध्ये याच लहरींच्या प्रवासाच्या वेळा पाहून ओल्डहॅम यांनी दाखवले की पृथ्वीच्या पोटात एक वेगळा गाभा आहे. १९०९ मध्ये क्रोएशियाच्या मोहोरोविचिच यांना कवच आणि प्रावरण यांच्यामधली सीमा सापडली. १९३६ मध्ये डेन्मार्कच्या इंगे लेहमान या विदुषीने गाभ्याच्या आत आणखी एक गाभा असल्याचे दाखवले. कुणीही जमिनीत उतरले नाही. सगळ्यांनी मडके वाजताना ऐकले, एवढेच.

या युक्तीने विस्तव कसा ओळखावा? तापलेल्या खडकातून लहर सावकाश जाते, थंड आणि घट्ट खडकातून झपाट्याने. बीडच्या यंत्रावर एखाद्या जपानी भूकंपाची लहर ठरल्या वेळेपेक्षा अर्ध्या सेकंदाने उशिरा आली, तर वाटेत कुठे तरी ती रेंगाळली. कुठे, ते एका यंत्रावरून कळत नाही. पण अनेक दिशांनी आलेल्या शेकडो भूकंपांच्या नोंदी अनेक ठिकाणच्या यंत्रांवर घेतल्या, तर उशीर झालेल्या वाटा एकमेकींना जिथे छेदतात, ती जागा हाती लागते. दवाखान्यात सी.टी. स्कॅन करतात तो याच तत्त्वावर. केइती आकी आणि अ‍ॅडम झिवोन्स्की यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात ही रीत पृथ्वीला लावली, आणि तिला भूकंपीय टोमोग्राफी हे नाव मिळाले.

आपल्या दख्खनची तपासणी कशी झाली ते आता पाहू. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला आणि ‘दख्खनचे पठार अचल आहे’ ही जुनी समजूत ढासळली. हैदराबादेत १९६१ मध्ये राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्था स्थापन झाली होती. तिच्या कृष्ण लाल कैला यांच्या गटाने १९७० च्या दशकात कोयनेच्या परिसरात जमिनीत सुरुंग उडवून त्यांच्या लहरी दूरवर नोंदवल्या. भूकंपाची वाट न पाहता मडके स्वतःच वाजवले म्हणा ना. त्यातून कळले की काळ्या पाषाणाचा थर किनाऱ्याकडे जाड आणि पूर्वेकडे पातळ होत जातो, आणि संपूर्ण कवच ३५ ते ४० किलोमीटरांच्या आसपास जाड आहे. पुढे विंधनविवरांनी याला दुजोरा दिला. कोयनेजवळ बेसाल्टचा थर एके ठिकाणी ९३३ मीटर निघाला, तर भूकंपानंतर किल्लारीला खोदलेल्या विवरात अवघा ३३८ मीटर. त्याखाली गाळाचा थोडा थर, आणि मग अब्जावधी वर्षांचा जुना ग्रॅनाइटी खडक. श्रोतेहो, ज्या काळ्या पाषाणाला आपण पृथ्वीचा तळ समजतो, ती आपल्या भागात नुसती शाल आहे. अंग तिच्या खाली आहे.

एवढे झाले ते कवच. त्याखाली शेकडो किलोमीटरांवर काय? एच. एम. अय्यर हे अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षणात ज्वालामुखींच्या पोटाचा अभ्यास करणारे भारतीय शास्त्रज्ञ. त्यांनी हैदराबादच्या विनोद गौर, एस. एस. राय, डी. एस. रमेश आदी सहकाऱ्यांसह दख्खनवर आलेल्या दूरच्या भूकंपलहरी तपासल्या आणि १९८९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. अपेक्षा अशी असावी की एवढा अग्निप्रलय जिथे झाला, तिथे खाली काही ऊब राहिली असेल आणि लहरी रेंगाळतील. झाले उलटेच. दख्खनच्या मोठ्या भागाखालून लहरी वेळेच्या आधी आल्या. म्हणजे खालचे प्रावरण तापलेले नसून थंड आणि घट्ट आहे. खोदणाऱ्या बाबांना मी जे विश्वासाने सांगितले होते, त्याचा पुरावा हा. चूल मागे राहिली, तवा पुढे आला आणि निवला.

१९९९ मध्ये ऑस्ट्रेलियातील ब्रायन केनेट आणि त्यांचे सहकारी विदियांतोरो यांनी वायव्य भारताखाली, गुजरातच्या बाजूला, लहरी मंदावणारा एक प्रदेश दाखवला आणि तो त्या जुन्या स्तंभाचा मागमूस असावा काय, असा प्रश्न केला. २००७ मध्ये प्रकाश कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक मत मांडले. भारताच्या पट्टाचा घट्ट तळ त्याच्या भावंडांच्या, म्हणजे आफ्रिका, ऑस्ट्रेलिया यांच्या मानाने पातळ, सुमारे १०० किलोमीटरांचाच आहे, जणू खालचा भाग वितळून गेला, आणि म्हणूनच भारत इतक्या वेगाने उत्तरेला धावला. दुसऱ्या अभ्यासकांना दुसऱ्या लहरींवरून हा तळ याहून पुष्कळ जाड दिसतो. एकाच रोग्याची दोन छायाचित्रे दोन वैद्य वेगवेगळी वाचतात, तसा हा प्रकार आहे.

एवढेच नव्हे, तर मुळात स्तंभ होता काय, असा प्रश्न विचारणारेही आहेत. मुंबईच्या आय.आय.टी.चे हेतू शेठ यांनी २००५ मध्ये सविस्तर मांडणी केली की दख्खनपासून रीयुनियनपर्यंत स्तंभाचा पुरावा नाही. पट्ट ताणला गेला, जुन्या दुबळ्या रेषांवर फाटला आणि त्यामुळेच खालचे द्रव्य वितळून वर आले. बहुसंख्य अभ्यासकांचा कल स्तंभाकडे असला, तरी या आक्षेपांमुळे पुरावे अधिक कसून तपासले गेले, हे मान्य केले पाहिजे. विद्वानांच्या सभेत ‘नाही’ म्हणणारा एक तरी असावा.

तेव्हा चुलीजवळच जाऊन पाहावे, असे फ्रेंच आणि जर्मन शास्त्रज्ञांनी ठरवले. गिलेम बारुओल आणि कारिन सिगलोख यांच्या नेतृत्वाखाली २०१२-१३ मध्ये रीयुनियनच्या भोवती समुद्राच्या तळाशी ५७ भूकंपमापक ठेवण्यात आले. वर्षभर ती यंत्रे काळोखात पृथ्वीचे हुंकार ऐकत पडून राहिली, आणि मग जहाजाने ती वर काढली. या नोंदींच्या साहाय्याने मारिया त्सेखमिस्त्रेंको आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये जे चित्र प्रसिद्ध केले, त्यात सरळ उभा स्तंभ नाही, वृक्ष आहे. आफ्रिकेच्या दक्षिणेखाली, गाभ्याच्या सीमेवर त्याचे रुंद बूड आहे आणि वर तिरप्या फांद्या फुटल्या आहेत. त्यांतली एक रीयुनियनकडे जाते. त्यांचे अनुमान असे की या फांद्यांतून तप्त द्रव्याचे मोठे गोळे सुटून वर चढतात, आणि दख्खनसारखे महापूर अशाच एखाद्या फार मोठ्या गोळ्याने आणले असावेत. साठ कोटी नव्हे, सहा कोटी वर्षांपूर्वीच्या आपल्या डोंगराचे मूळ शोधायला निघालेले शास्त्र अखेर आफ्रिकेखाली जाऊन पोहोचले.

आता राहिलेले अर्धे उत्तर. बाबांच्या प्रश्नात खरे तर दोन प्रश्न होते. खाली विस्तव आहे काय, हा एक. धरणी पुन्हा हादरेल काय, हा दुसरा. मी पहिल्याचे उत्तर दिले आणि ते दोन्हींचे उत्तर आहे अशी त्यांची समजूत होऊ दिली. किल्लारीचा भूकंप विस्तवाने आलाच नव्हता. चुलीवरून पुढे आलेला हा पट्ट आजही उत्तरेकडे सरकतो आहे आणि हिमालयापाशी तिबेटच्या भूमीला रेटतो आहे. गर्दीत पुढचा माणूस अडला की मागच्यांच्या बरगड्या दाबल्या जातात. तो दाब सबंध पठारात भरून आहे. ३३८ मीटरांच्या शालीखाली जुन्या अंगात कुठे दुबळी रेष असेल, तिथे तो मोकळा होतो. १९९३ मध्ये तो किल्लारीखाली, पृष्ठभागापासून थोड्याच किलोमीटरांवर मोकळा झाला. म्हणून सहा-सव्वासहा प्रतीच्या भूकंपाने एवढा संहार केला. त्या वेळच्या सरकारी नकाशात किल्लारीचा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. पुढे २००२ मध्ये तो पहिला विभागच नकाशातून काढून टाकण्यात आला.

आणि माणसे भूकंपाने मेली, असे आपण म्हणतो तेही अर्धेच आहे. माणसे भिंतींनी मेली. दीड-दोन हात जाडीच्या, गोल धोंडे चिखलात बसवलेल्या भिंती आणि वर मातीचे जड माळवद. हे घर उन्हाळ्यात गार असते, म्हणून वाडवडिलांनी ते बांधले. त्यांना दोष देता येत नाही. पण तो दगड भिंतीत एकमेकांना धरून राहत नव्हता. दोन्ही बाजूंना पोचणारा लांब दगड मधूनमधून घालणे, जोत्यावर आणि दारांच्या वर सलग पट्टा फिरवणे, कोपरे बांधून घेणे, माळवदाचे ओझे हलके करणे, या गोष्टींनी तेच दगडी घर पुष्कळ टिकते. हे बाबांना सांगायला मला पाच मिनिटे लागली असती. त्यांच्या हाताखाली तर गावातले निम्मे गवंडी शिकले होते.

रीयुनियनवर आज शास्त्रज्ञ समुद्राच्या लाटांनी जमिनीत उठणारी बारीक कुजबुजसुद्धा ऐकतात. ज्वालामुखी पेटण्यापूर्वी खडकातील लहरींचा वेग किंचित घटतो, हे त्यांनी २००८ मध्ये दाखवून दिले. तिथे विस्तव आहे, म्हणून तो आगाऊ कुजबुजतो. आपल्याकडे विस्तव नाही, आहे तो मुका दाब, आणि तो दिवस-वेळ कळवून येत नाही. म्हणून त्यांची सावधगिरी यंत्रात आहे, तर आपली भिंतीत असली पाहिजे.

बालाघाटाखाली विस्तव नाही, हे मी आज बाबांना पुन्हा त्याच विश्वासाने सांगेन. मात्र या वेळी ‘निर्धास्त जाऊन झोपा’ असे म्हणण्याआधी त्यांच्यासोबत घरापर्यंत जाईन आणि ती भिंत पाहीन. बाबा आता नाहीत. भिंत अजून उभी आहे, आणि तिच्या आत त्यांची नातवंडे झोपतात. आपणही आज घरी गेल्यावर आपापली भिंत एकदा पाहावी, एवढी विनंती करतो.